परदेशी विमानप्रवास: विमानतळावरील रांगा, द्रवपदार्थांचे नियम आणि तुमची औषधे

मुलांकडे परदेशी निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगा आठ-आठ दिवस आधीपासून भरल्या जातात. लाडू, मसाले, स्वेटर सगळ्यांचे वजन होते. औषधांची पिशवी मात्र बऱ्याचदा शेवटच्या रात्री जागा मिळेल तिथे सरकवली जाते. मग सुरक्षा तपासणीत सिरपची मोठी बाटली अडते, इन्सुलिन चेक-इन बॅगेत गेल्याचे तिथेच लक्षात येते, किंवा मधुमेही व्यक्तीला दीड तासाच्या रांगेत उभ्या उभ्या घाम फुटतो.

यातल्या बहुतेक अडचणी टाळता येतात. द्रवपदार्थांवरील निर्बंधातून औषधांना सूट आहे. पण ही सूट आपोआप मिळत नाही. औषध वेगळे काढून, दाखवून आणि कागद पुढे करून ती मागावी लागते. हे कसे करायचे आणि रांगेत उभे असताना तब्येत कशी सांभाळायची, ते या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- केबिन बॅगेतील साधे द्रव, जेल, क्रीम आणि स्प्रे प्रत्येकी १०० मिलीपर्यंतच्या बाटलीत हवेत. हे सर्व एका १ लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावले पाहिजे.
- प्रवासात लागणारी औषधे आणि बाळाचे अन्न यांना या मर्यादेतून सूट मिळते. ती तपासणीपूर्वी स्वतःहून दाखवावीत.
- इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत ठेवू नये.
- मधुमेही व्यक्तीने साखर किंवा ग्लुकोज पावडर कोरड्या स्वरूपात खिशात ठेवावी.
- व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी.
- मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते. तिथेही हेच कागद आणि हीच तयारी लागते.

१०० मिलीचा नियम नेमका काय आहे?

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटके वापरून विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर केबिनमध्ये नेण्याच्या द्रवपदार्थांवर जगभर निर्बंध आले आणि १०० मिलीची मर्यादा रूढ झाली. भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांनाही ती लागू आहे.

या नियमात तीन गोष्टींवरून लोकांचा गोंधळ होतो.

पहिली गोष्ट, मोजली जाते ती बाटलीची क्षमता, आतले औषध नव्हे. २०० मिलीच्या बाटलीत तळाला ५० मिली अँटासिड उरले असेल, तरी ती बाटली २०० मिलीचीच धरली जाते.

दुसरी गोष्ट, 'द्रव' या शब्दाचा अर्थ इथे बराच व्यापक आहे. टूथपेस्ट, वेदनाशामक जेल, बाम, मलम, शेव्हिंग फोम आणि नाकातला स्प्रे त्यात येतात. आपल्या घरातले तूप, लोणचे, मुरांबा, गुलकंद, श्रीखंड आणि च्यवनप्राशही याच नियमात मोडतात. हे पदार्थ चेक-इन बॅगेतच ठेवा.

तिसरी गोष्ट, काही विमानतळांवर नवीन सीटी स्कॅनर बसल्यामुळे नियम सैल झाले आहेत. पण निघण्याच्या ठिकाणी मोठी बाटली चालली, म्हणून मधल्या किंवा परतीच्या विमानतळावर ती चालेलच असे नाही. तयारी नेहमी कडक नियम धरून करावी.

औषधांना सूट आहे, पण ती मागावी लागते

डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि प्रवासाच्या काळात लागणारी द्रव औषधे १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत असली तरी केबिनमध्ये नेता येतात. उदाहरणार्थ, यकृताच्या आजारासाठी लागणारे लॅक्टुलोज सिरप, मुलाचे फिट्सचे औषध किंवा नळीवाटे द्यायचा द्रव आहार. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय देशांतही अशी सूट आहे. ब्रिटनमध्ये १०० मिलीपेक्षा जास्त औषधासाठी डॉक्टरांचे पत्र किंवा प्रिस्क्रिप्शन मागितले जाते.

सूट मिळण्यात अडथळा येऊ नये म्हणून पुढील काळजी घ्या.

- औषधे एका वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवा. ती साबण-क्रीमच्या १ लिटरच्या पिशवीत मिसळू नका.
- औषध मूळ बाटलीत, लेबलसह न्या. साध्या बाटलीत ओतून घेतलेले, नाव नसलेले औषध ओळखता येत नाही आणि अडवले जाण्याची शक्यता वाढते.
- बॅग ट्रेमध्ये ठेवण्यापूर्वीच अधिकाऱ्याला सांगा, "माझ्याकडे १०० मिलीपेक्षा मोठे औषध आहे, हे डॉक्टरांचे पत्र."
- केबिनमध्ये प्रवासापुरते आणि उशीर झालाच तर आणखी दोन-तीन दिवस पुरेल एवढेच द्रव औषध ठेवा. बाकीच्या बाटल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चेक-इन बॅगेत ठेवता येतात. इन्सुलिनला मात्र हा सल्ला लागू नाही.
- शक्य तिथे द्रवाऐवजी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. अँटासिड, खोकल्याचे औषध आणि कॅल्शियम यांना बहुतेकदा गोळीचा पर्याय असतो.

गोळ्या आणि कॅप्सूल यांना द्रवपदार्थांचा नियम लागू नाही. डोळ्यांचे थेंब ५ किंवा १० मिलीचे असल्याने मर्यादेत बसतात. इनहेलर हा स्प्रे असला तरी औषध म्हणून नेता येतो. तो आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नव्हे, जवळच्या छोट्या पर्समध्ये ठेवा. तपासणीनंतर ट्रेमधून हीच पर्स आधी उचला.

आसव, अरिष्ट किंवा काढ्याच्या ४५० मिलीच्या बाटल्या केबिनमध्ये अडण्याची शक्यता जास्त असते. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेले मद्यार्क असते, त्यामुळे काही देशांत सीमाशुल्क तपासणीतही प्रश्न विचारले जाऊ शकतात. अशी औषधे न्यायची असतील तर चेक-इन बॅगेत ठेवा आणि त्या देशाचे नियम आधी पाहा.

डॉक्टरांच्या पत्रात काय असावे?

निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. ते लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह असावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

- पासपोर्टवर आहे तसेच संपूर्ण नाव
- आजाराचे नाव
- प्रत्येक औषधाचे मूळ म्हणजे जेनेरिक नाव, ताकद, मात्रा आणि सोबत नेत असलेले प्रमाण
- सुया, पेन, लॅन्सेट, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर किंवा सीपॅपसारखी उपकरणे
- ही औषधे आणि साधने केबिनमध्ये जवळ असणे आवश्यक आहे, असे स्पष्ट वाक्य
- शरीरात पेसमेकर, कृत्रिम सांधा किंवा अन्य धातू असल्यास त्याची नोंद

जेनेरिक नाव महत्त्वाचे असते, कारण आपल्याकडचे ब्रँड परदेशात कुणाला माहीत नसतात. पत्राच्या तीन प्रती काढा. एक हातातल्या पर्समध्ये, एक चेक-इन बॅगेत आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. इंग्रजी न येणाऱ्या व्यक्तीसाठी आणखी एक छोटे कार्ड करून ठेवा. त्यावर आजार, महत्त्वाची औषधे, ॲलर्जी आणि उतरल्यावर भेटणाऱ्या नातेवाइकाचा फोन नंबर इंग्रजीत लिहा. मुंबईत हिंदी-मराठीत बोलून काम होते. दोहा किंवा फ्रँकफर्टला हे कार्ड उपयोगी पडते.

इन्सुलिन आणि थंड ठेवायची औषधे

विमानाच्या सामानाच्या भागात तापमान किती राहील याची खात्री नसते. बॅग धावपट्टीजवळ उन्हात थांबू शकते, आणि उंचावर गारठूही शकते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पुन्हा नेहमीसारखे दिसले तरी वापरू नये, कारण त्याचा परिणाम भरवशाचा राहत नाही. शिवाय चेक-इन बॅग उशिरा पोहोचली किंवा हरवली तर इन्सुलिनही तिच्यासोबत जाते. म्हणून सर्व इन्सुलिन केबिन बॅगेतच हवे. मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांनाही हेच लागू आहे.

वापरात असलेले पेन एक-दोन दिवसांच्या प्रवासात बर्फात ठेवण्याची गरज नसते. इन्सुलिनचे बहुतेक प्रकार उघडल्यावर ३० अंश सेल्सियसच्या आत साधारण ४ आठवडे चालतात. नेमका कालावधी खोक्यावर लिहिलेला असतो. विमानतळ आणि विमान वातानुकूलित असल्याने ऊन लागू न देणे एवढी काळजी पुरते.

तीन महिन्यांचा साठा नेत असाल तर न उघडलेली पेने २ ते ८ अंशांत टिकवायची असतात. त्यासाठी थर्मल पाऊच घ्या. बर्फाचा किंवा जेलचा पॅक पेनला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कापड ठेवा. जेल पॅक हा नियमानुसार जेलच असल्याने तपासणीत त्यावर प्रश्न येऊ शकतो. त्याचाही उल्लेख डॉक्टरांच्या पत्रात करून घ्या. पाण्यात भिजवून वापरायचे कूलिंग पाऊच मिळतात, त्यांना बर्फ लागत नाही. मात्र त्यांनी औषध फ्रिजइतके थंड होत नाही, फक्त उष्णतेपासून वाचते. विमानातल्या फ्रिजवर भिस्त ठेवू नका. बऱ्याच विमान कंपन्या प्रवाशांची औषधे तिथे ठेवून घेत नाहीत.

सुया आणि लॅन्सेट इन्सुलिनसोबतच एका पाऊचमध्ये ठेवा. वेगळ्या कप्प्यात नुसत्या सुया दिसल्या तर प्रश्न वाढतात. वापरलेल्या सुयांसाठी टणक प्लॅस्टिकची छोटी डबी जवळ असू द्या.

लहान मुले सोबत असतील तर

बाळाचे दूध, फॉर्म्युला, उकळलेले पाणी आणि पातळ अन्न प्रवासाला लागेल तेवढे नेता येते. तेही तपासणीआधी वेगळे काढून दाखवावे. अधिकारी बाटली उघडून पाहू शकतात. शक्य असेल तर फॉर्म्युलाची पावडर डब्यात, पाणी थर्मासमध्ये असे वेगवेगळे न्या.

पॅरासिटामॉल सिरपची ६० मिलीची बाटली मर्यादेतच बसते. डॉक्टरांनी गरज पडल्यास वापरायला अँटिबायोटिकचे ड्राय सिरप दिले असेल, तर ते पाणी न मिसळता पावडरच्या रूपातच न्या. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिडसारखी काही सिरप पाणी मिसळल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि साधारण आठवडाभरच टिकतात. ओआरएसचेही पाकीट न्या आणि तपासणीनंतर पाणी घेऊन मिसळा.

रांगा किती आणि कुठे?

मुंबईहून आंतरराष्ट्रीय विमान पकडताना साधारण पाच ठिकाणी थांबावे लागते: टर्मिनलच्या दारावर तिकीट-पासपोर्टची तपासणी, चेक-इन काउंटर, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि शेवटी बोर्डिंग गेट. इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीचा क्रम विमानतळानुसार पुढेमागे होऊ शकतो. विमान सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचावे. व्हीलचेअर, लहान बाळ किंवा जास्त औषधे असतील तर आणखी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.

तब्येतीच्या दृष्टीने खरी अडचण वेळेची असते. मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे विमानतळावर पोहोचण्याची वेळ नेमकी रात्रीच्या जेवणाची, इन्सुलिनची आणि झोपेची असते. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून गाडीने येणाऱ्यांचा त्याआधीचा प्रवासही धरावा लागतो.

उदाहरणार्थ, विमान रात्री २ वाजता आहे आणि तुम्ही पुण्याहून निघत आहात. संध्याकाळी साडेपाच-सहाला निघून, वाटेत साडेआठच्या सुमारास थांबून नीट जेवा. जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा गोळी तिथेच, ताट समोर आल्यावर घ्या. साडेदहापर्यंत विमानतळावर पोहोचा. सुरक्षा तपासणी झाल्यावर काहीतरी हलके खा. "आत गेल्यावर जेवू" असे ठरवून घरीच इन्सुलिन घेऊन निघू नका. वाहतूक किंवा रांग लांबली तर पोटात अन्न नसते आणि इन्सुलिनचे काम मात्र सुरू झालेले असते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा अशी खाली जात नाही. घड्याळ मागे-पुढे होणार असल्याने दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

रांगेत साखर कमी झाली तर

अचानक घाम, हातांना थरथर, धडधड, खूप भूक, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखे होणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. ग्लुकोमीटरवर ७० पेक्षा कमी आकडा आला तर लगेच उपचार हवा. तपासायला वेळ नसेल तर न तपासताही साखर घ्यावी.

१. रांगेची पर्वा न करता खाली बसा. शेजारच्या प्रवाशाला किंवा कर्मचाऱ्याला सांगा.
२. १५ ग्रॅम साखर म्हणजे ३ छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर तोंडात टाका.
३. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा ७० च्या वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या.
४. बरे वाटल्यावर बिस्किटे, पोळी किंवा सँडविच खा.
५. व्यक्ती बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कर्मचाऱ्यांना तातडीने वैद्यकीय मदत बोलवायला सांगा.

फळांच्या रसाचा २०० मिलीचा पॅक तपासणीत काढून घेतला जाण्याची शक्यता असते. म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या, पावडर किंवा साखरेच्या पुड्या खिशात ठेवा. चॉकलेटवर अवलंबून राहू नका. त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर सावकाश वाढते.

पाणी, उभे राहणे आणि चक्कर

"शौचालयाला जावे लागेल" या भीतीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, दुपारपासूनच पाणी कमी करतात. लघवी जास्त होणारी बीपीची गोळीही काहीजण आपल्या मनाने बंद करतात. रक्तदाबाचे औषध, कमी पाणी आणि तासभर उभे राहणे एकत्र आले की चक्कर येते. पुढे आठ-दहा तासांच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो.

रिकामी बाटली सोबत न्या. ती तपासणीतून जाऊ शकते आणि आत गेल्यावर पाण्याच्या नळावर भरून घेता येते. प्रत्येक रांगेला लागण्यापूर्वी शौचालयाला जाऊन या. उभे असताना टाचा वर-खाली करा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. लघवीच्या गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून बदला.

व्हीलचेअर मागण्यात संकोच नको

घरात चालता-फिरता येते, पण अर्धा-एक किलोमीटर चालणे किंवा तासभर उभे राहणे झेपत नाही, अशा व्यक्तीसाठीही ही सोय आहे. विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंद करा. नोंदवताना तीन प्रकार विचारले जातात: जिना चढता येतो पण लांब चालता येत नाही, जिना चढता येत नाही, किंवा आसनापर्यंतही उचलून न्यावे लागते. खरी स्थिती सांगा, कारण त्यावरून विमानात चढण्याची व्यवस्था ठरते.

मदतनीस प्रवाशाला बहुतेकदा वेगळ्या रांगेतून नेतो. ज्येष्ठ व्यक्ती एकटी जात असेल तर मधल्या आणि शेवटच्या विमानतळासाठीही व्हीलचेअर नोंदवली आहे ना, हे खात्री करून घ्या. औषधांची पर्स मदतनिसाकडे किंवा खुर्चीमागच्या कप्प्यात न ठेवता मांडीवरच ठेवायला सांगा.

वारंवार परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी आणि ओसीआय कार्डधारकांसाठी सरकारने जून २०२४ मध्ये दिल्लीत जलद इमिग्रेशनची योजना सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये ती मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यावा लागतो. यामुळे इमिग्रेशनची रांग टळते, सुरक्षा तपासणीची नाही.

पेसमेकर, कृत्रिम सांधा, इन्सुलिन पंप

- पेसमेकर किंवा आयसीडी: ओळखपत्र जवळ ठेवा. धातुशोधक दारातून नेहमीच्या चालीने जाता येते, मात्र तिथे थांबू किंवा टेकू नका. हातातले यंत्र पेसमेकरवर धरून ठेवू नये, अशी विनंती करा. हाताने तपासणी मागता येते.
- गुडघा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा: यंत्र वाजणार हे गृहीत धरा. वाजण्याआधीच सांगा. पँट किंवा सलवार सैल असावी.
- इन्सुलिन पंप आणि साखर मोजणारा सेन्सर: काही उपकरणे एक्स-रे यंत्रातून किंवा बॉडी स्कॅनरमधून नेऊ नयेत, असे उत्पादक सांगतात. तुमच्या मॉडेलची सूचना आधी वाचा आणि हाताने तपासणी मागा.
- स्टोमा पिशवी, लघवीची नळी, कृत्रिम अवयव: खासगी खोलीत तपासणी करण्याची विनंती करता येते. स्त्रियांची तपासणी महिला कर्मचारीच करतात.
- थायरॉइडसाठी रेडिओआयोडिन किंवा हृदयाचा न्यूक्लियर स्कॅन नुकताच झाला असेल तर: शरीरातून येणारा सूक्ष्म किरणोत्सर्ग काही विमानतळांवरील यंत्रे टिपू शकतात. रेडिओआयोडिननंतर हे काही आठवडे होऊ शकते. उपचाराची तारीख लिहिलेले पत्र जवळ ठेवा.

मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी

विमान बदलताना बहुतेक ठिकाणी केबिन बॅग पुन्हा तपासली जाते. मुंबईत तपासणीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटली तिथे काढून घेतात. ड्युटी फ्रीमधले द्रवपदार्थ सीलबंद पिशवीत पावतीसह असतील तरच पुढे जाऊ शकतात. शेवटच्या मुक्कामापर्यंत ती पिशवी उघडू नका.

अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरल्यावर सहसा सामान ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सुरक्षा तपासणी होते. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचे अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच होते, त्यामुळे तिथे जास्त वेळ लागतो. दोन विमानांमध्ये तासभरच असेल आणि सोबत ज्येष्ठ किंवा आजारी व्यक्ती असेल, तर तिकीट काढतानाच तीन तासांचे अंतर निवडा.

अमेरिकेला जाताना ३५० मिलीपेक्षा जास्त पावडरही केबिनमध्ये अडू शकते. इसबगोल, प्रोटीन पावडर आणि चूर्ण यांचे मोठे डबे चेक-इन बॅगेत ठेवा. औषध म्हणून लिहून दिलेल्या पावडरचा उल्लेख पत्रात असावा.

काही औषधे त्या देशातच चालत नाहीत

सुरक्षा तपासणीतून औषध पुढे गेले म्हणजे ते त्या देशात नेण्याची परवानगी मिळाली, असे नाही. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. त्यासाठी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधीच घ्यावी लागते. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनवर मर्यादा आहे. अशी औषधे चालू असतील तर तिकीट काढल्याबरोबर संबंधित देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहा. औषध अचानक बंद करू नका. पर्यायासाठी डॉक्टरांशी बोला.

अमेरिकेला जाताना औषधे साधारण ९० दिवसांपर्यंतच्या वापराइतकीच, स्वतःच्या नावाच्या प्रिस्क्रिप्शनसह न्यावीत. शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलासाठी दिलेले औषधांचे पाकीट घेऊन जाऊ नका.

अधिकाऱ्याने औषध अडवले तर

१. वाद न घालता पत्र आणि प्रिस्क्रिप्शन दाखवा. औषध कधी घ्यायचे असते तेही सांगा.
२. तरी नाही म्हणाले तर, "वरिष्ठ अधिकाऱ्यांशी बोलता येईल का?" असे विचारा.
३. औषध पुढच्या २४ तासांत लागणारे नसेल तर विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला बोलावून ते चेक-इन सामानात टाकता येईल का, ते विचारा. इमिग्रेशन झाल्यानंतर हे अवघड होते. म्हणून शंका असलेली वस्तू चेक-इनच्या वेळीच बॅगेत टाकणे बरे.
४. अत्यावश्यक औषध गेलेच तर विमानात चढण्यापूर्वी टर्मिनलमधील औषध दुकान किंवा वैद्यकीय कक्ष गाठा. इन्सुलिन, फिट्सचे औषध किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या यांशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे यंत्रातून गेल्याने गोळ्या किंवा इन्सुलिन खराब होते का?
नाही. सामानाच्या नेहमीच्या तपासणीने औषधांवर परिणाम होत नाही.

गरोदर स्त्रीने धातुशोधक दारातून जावे का?
हो. त्यात एक्स-रे नसतो. एक्स-रे फक्त सामानाच्या यंत्रात असतो. तरीही शंका वाटत असेल तर हाताने तपासणी मागा.

गोळ्या स्ट्रिपमधून काढून आठवड्याच्या डबीत भरल्या तर चालतील का?
प्रवासाच्या दिवशी शक्यतो नको. स्ट्रिपवर नाव आणि मुदत असते. डबी रिकामी न्या आणि पोहोचल्यावर भरा.

सीपॅप यंत्राची जास्तीची बॅटरी कुठे ठेवावी?
सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात. मोठ्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्या.

निघण्याआधी डॉक्टरांना कधी भेटावे?

गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयात भरती झाली असेल, चालताना दम लागत असेल, ऑक्सिजन लागत असेल, पायाला एका बाजूने सूज असेल किंवा साखर वारंवार कमी होत असेल, तर तिकीट पक्के करण्यापूर्वी भेटा. अशा वेळी विमान कंपनी डॉक्टरांनी भरायचा वैद्यकीय फॉर्म मागू शकते आणि तो मंजूर व्हायला काही दिवस लागतात.

आदल्या दिवशीची यादी

- हातातल्या पर्समध्ये: पुढच्या ४८ तासांची औषधे, पत्र, प्रिस्क्रिप्शन, कोरडी साखर, ग्लुकोमीटर, इनहेलर, कार्ड
- केबिन बॅगेत: सर्व इन्सुलिन आणि सुया, मोठ्या बाटलीतील आवश्यक औषध वेगळ्या पिशवीत, रिकामी पाण्याची बाटली, बिस्किटे
- चेक-इन बॅगेत: उरलेली सिरप, मलमे, खाण्याचे पातळ पदार्थ, गोळ्यांचा थोडा जादा साठा, पत्राची प्रत
- फोनवर: व्हीलचेअरची नोंद आणि दोन्ही टोकांच्या नातेवाइकांचे नंबर

ही पर्स आदल्या दिवशी भरून झाली की ज्याची औषधे आहेत त्या व्यक्तीलाच ती एकदा उघडून दाखवा. कोणती गोळी कुठे आहे आणि तपासणीत काय दाखवायचे, हे त्यांना स्वतःला माहीत असले पाहिजे.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. विमानतळ आणि विमान कंपन्यांचे नियम बदलतात, त्यामुळे प्रवासापूर्वी त्यांची खात्री करून घ्या. औषधांच्या मात्रेत किंवा वेळेत कोणताही बदल स्वतःच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*